काचेतल्या निखाऱ्यांची सोयरीक

खोलीतला दिवा मालवला की खरी गंमत दिसते. टेबलावर डावीकडे छोटा प्रीॲम्प, त्यात बोटाएवढे तीन व्हॉल्व्ह. उजवीकडे ॲम्प्लिफायर, त्याच्या पाठीवर चार उंच व्हॉल्व्ह आणि त्यांच्यापुढे काही बारकी पोरं. बटण दाबलं तरी लगेच काही होत नाही. पाच-सात सेकंदांनी काचेच्या आत, राखाडी नळकांड्याच्या टोकाशी, उदबत्तीच्या टोकाएवढा तांबूस ठिपका उमटतो. मग दुसरा, मग तिसरा. अर्ध्या मिनिटाने स्पीकरमधून कुणी हलकेच श्वास सोडल्यासारखा आवाज येतो, म्हणजे मंडळी कामाला लागली. त्यानंतरच सुई तबकडीवर टेकवायची.

हा सोहळा बघून एका मित्राने विचारलं, “ॲम्प व्हॉल्व्हचा आहे ना? मग त्याच्या अलीकडे पुन्हा व्हॉल्व्हचा प्रीॲम्प कशाला? बासुंदीवर श्रीखंड कशाला वाढतोस?”

प्रश्न चोख होता. व्हॉल्व्हच्या नादी लागलेल्यांत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, दोन्हीकडे व्हॉल्व्ह लावले की आवाज पाकात बुडतो. दुसरा म्हणतो, बुडू द्या, त्यासाठीच तर हा खटाटोप. भांडण जोरात असलं तरी दोघांनी एक गोष्ट न तपासताच धरलेली असते, की व्हॉल्व्ह म्हणजे साखर आणि एकात एक मिसळली की दुप्पट गोड. मीही बरीच वर्षं तेच धरून चाललो होतो. एकदा जोडणी चुकली, तेव्हा कळलं की ही सोयरीक साखरेची नाहीच.

आधी व्हॉल्व्हच्या पोटात डोकावू.

नावातच त्याचं काम आहे: झडप. दिव्याच्या काचेत एक जादा पत्रा घातला तर तापलेल्या तारेकडून त्या पत्र्याकडे वीज वाहते, हे एडिसनने १८८०च्या दशकात पाहिलं होतं, पण त्याचं काय करायचं हे त्याला सुचलं नाही. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंगने ओळखलं की ही वाट एकेरी आहे. १९०६च्या सुमारास अमेरिकेत ली डी फॉरेस्टने तार आणि पत्रा यांच्या मध्ये तिसरी चीज ठेवून पाहिली आणि त्यातून जाळी, म्हणजे ग्रिड, आली. तिथून पुढे रेडिओ, बोलपट, ध्वनिक्षेपक हे सगळं त्या जाळीच्या आधाराने उभं राहिलं.

आतलं दृश्य असं. मधोमध निकेलची बारीक नळी, तिच्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप. हा कॅथोड. नळीच्या आतली तार तापते, लेप सातशे-आठशे अंशांपर्यंत जातो आणि पातेल्यातल्या दुधावर वाफ तरंगावी तसा त्याच्याभोवती इलेक्ट्रॉनांचा ढग जमतो. बाहेरच्या बाजूला प्लेट, तिच्यावर दोन-अडीचशे व्होल्टचा धन दाब. ढग तिकडे धावणारच. पण वाटेत बारीक तारेची जाळी असते, तिच्यावर किंचित ऋण दाब. तो जरा वाढवला की धावणारे कमी होतात, जरा कमी केला की लोंढा सुटतो. बिजागरी नाही, कडी नाही, कशाला काही टेकत नाही, आणि तरीही झडप उघडते-मिटते. गाण्याच्या वरच्या पट्टीत सेकंदाला हजारो वेळा.

आकडे सांगितल्याशिवाय राहवत नाही. अडीचशे व्होल्टच्या ओढीने प्लेटवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनचा शेवटचा वेग सेकंदाला सुमारे ९,००० किलोमीटर भरतो. त्या वेगाने सेकंदभरात मुंबईहून दिल्लीला जवळजवळ चार वेळा जाऊन येता येईल, आणि हा गडी धावतो ते काही मिलिमीटर. माझ्या प्रीॲम्पमधल्या एका व्हॉल्व्हमधून जाणारा प्रवाह एक मिलिॲम्पिअरच्या आसपास, म्हणजे नगण्य. तरी मोजायला बसलात तर सेकंदाला सहा हजार लाख कोटींहून जास्त इलेक्ट्रॉन. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अब्ज, खर्व, निखर्वाच्या पुढे बरंच चालत गेलं की ‘अंत्य’ नावाचं स्थान येतं, एकावर पंधरा शून्यं. लताबाईंचा एक सूर ऐकताना सेकंदाला असे सहा अंत्य कण एका जाळीच्या इशाऱ्यावर चालतात.

आणि जाळी स्वतः काय घेते? जवळजवळ काहीच नाही. सोयरिकीची गोम इथे आहे. जाळी ऋण असते, त्यामुळे इलेक्ट्रॉन तिच्यावर बसत नाहीत. तिला नुसता दाब कळतो, प्रवाह लागत नाही. घरात आलेला पाहुणा चहालाही नको म्हणतो, फक्त गप्पा ऐकतो, तशी तिची तऱ्हा. पण व्हॉल्व्हच्या दुसऱ्या टोकाला, जिथून मोठा झालेला आवाज बाहेर पडतो तिथे, परिस्थिती वेगळी. तिथे घरची ओढगस्त. दाब भरपूर, पण प्रवाह द्यायची ताकद फार कमी. म्हणजे व्हॉल्व्ह देतो थोडकं आणि मागतो त्याहून कमी. अशा गड्याची सोयरीक कुणाशी जमेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझी जोडणी चुकली ती अशी. प्रीॲम्प मी बुधवार पेठेतून सुटे भाग गोळा करून जमवला होता. नकाशा जुना होता आणि पुढे व्हॉल्व्हचा ॲम्प येणार असं गृहीत धरूनच काढलेला. ॲम्प मात्र अजून तयार व्हायचा होता. धीर नव्हता, म्हणून घरात असलेल्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला प्रीॲम्प जोडला आणि तबल्याची तबकडी लावली. चाट खणखणीत. लव उत्तम. आणि डग्गा? डग्गा कुणीतरी उशीखाली दाबून ठेवल्यासारखा. घुमार नाही, मींड नाही, नुसती थाप पडल्याची बातमी. मी सुई बदलली, वायर बदलली, स्पीकरला कान लावून बसलो. दोन दिवस गेले. दोष यातल्या कशातच नव्हता.

व्हॉल्व्हच्या प्लेटवर दोनशे व्होल्ट असतात आणि गाणं त्या दोनशेच्या पाठीवर थरथरत बसलेलं असतं. ते दोनशे पुढे पाठवून चालत नाही, फक्त थरथर पाठवायची. हे काम एक कपॅसिटर करतो: स्थिर दाब अडवतो आणि हलणारा पुढे जाऊ देतो. पण ‘हलणारा’ म्हणजे किती हलणारा, हे पलीकडचा किती ओढतो त्यावर ठरतं. पलीकडचा अधाशी असला तर खर्जातली सावकाश थरथर अलीकडेच विरून जाते. माझ्या प्रीॲम्पच्या टोकाला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. व्हॉल्व्हच्या ॲम्पच्या तोंडाशी साधारण ४७० किलोओहमचा रेझिस्टर असतो. या जोडीत आवाज उतरायला लागतो तो साडेतीन हर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणसाच्या कानाच्या पार खाली. त्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पच्या तोंडाशी होते १० किलोओहम. हिशेब केला तर उतार १५० हर्ट्झलाच सुरू. डग्ग्याचा बहुतेक संसार त्याच्या खाली. कपॅसिटर तोच, व्हॉल्व्ह तेच, तबकडीही तीच. सोयरा बदलला आणि डग्गा गेला.

नळाचं उदाहरण सगळ्यांना पटेल. चाळीच्या वरच्या मजल्यावर पाण्याला दाब असतो, पण नळ बारीक. तोटी जराशी उघडा, पाणी जोमाने येतं. बादलीसाठी पूर्ण सोडा, आवाज नुसता फुस्स. दाब होता, पण ओढ सोसणारी नळी नव्हती. व्हॉल्व्हच्या प्लेटची नळी अशीच बारीक असते. ईसीसी८३ हा या जगातला सगळ्यात ओळखीचा छोटा व्हॉल्व्ह. नेहमीच्या जोडणीत त्याच्या प्लेटचा आतला अडसर ३८ किलोओहमच्या घरात जातो. त्याच्यापुढे १० किलोओहमचा पाहुणा बसवला तर जेमतेम पाचवा हिस्सा पलीकडे पोचतो आणि बाकीचा घरातच खर्च होतो. दीड मेगओहमचा पाहुणा असेल तर शंभरातले सत्त्याण्णव पोचतात.

नावावरून आठवलं. ईसीसी८३ म्हणजे मोटारीची नंबरप्लेट वाटते, पण ती कुंडली आहे. ई म्हणजे निखारा ६.३ व्होल्टवर पेटतो. सी म्हणजे ट्रायोड, दोनदा सी म्हणजे एका काचेत दोन बिऱ्हाडं. आठ म्हणजे तळाला नऊ पिनांची बैठक. आणि हे ६.३ तरी कुठून आलं? जुन्या मोटारींच्या बॅटरीत तीन खण असत, प्रत्येकी २.१ व्होल्टचे. मोटारीतल्या रेडिओच्या सोयीसाठी ठरलेला आकडा आज माझ्या टेबलावर मोटारीशिवाय तेवतोय.

प्लेटच्या बारीक नळीवर जुन्या लोकांनी तोडगाही काढला होता. शेवटचा व्हॉल्व्ह असा जोडायचा की आवाज प्लेटवरून न घेता कॅथोडवरून घ्यायचा. याला कॅथोड फॉलोअर म्हणतात. तो आवाज तिळभरही मोठा करत नाही, उलट किंचित कमीच करतो, पण नळी रुंद करतो. ईसीसी८३चा अडसर असा ३८ हजारांवरून सहाशे ओहमच्या आसपास येतो. माझ्या प्रीॲम्पमध्ये हा होता, तरी डग्गा गेला, कारण नळी रुंद असून उपयोग काय, पुढचा कपॅसिटर व्हॉल्व्हच्या सोयऱ्याच्या मापाने शिवलेला! ट्रान्झिस्टरच्या ॲम्पसाठी तिथे दोन-चार मायक्रोफॅरडचा घातला असता तर काम झालं असतं. व्हॉल्व्हचा प्रीॲम्प ट्रान्झिस्टरशी जमतच नाही असं नाही. जमवून घ्यावं लागतं एवढंच.

जिथे हा फॉलोअर नसतो तिथे वायरची लांबीही घात करते. ढालवाल्या वायरीत दर मीटरला सुमारे शंभर पिकोफॅरडची साठवण असते. दोन मीटर घेतली की ३८ किलोओहमच्या मागे २०० पिकोफॅरड, आणि वीस हजार हर्ट्झला आवाज उतरू लागतो. इथवर ठीक. पण पुढच्या ॲम्पमधला पहिला व्हॉल्व्हही ईसीसी८३ असेल तर त्याची जाळी आणि प्लेट यांच्यातली इवलीशी साठवण, दीड पिकोफॅरडहून थोडी जास्त, आवाज साठपट वाढतो म्हणून साठपट मोठी होऊन समोर येते. म्हणजे आणखी शंभर. जॉन मिलर या अमेरिकन संशोधकाने ही करामत शंभर वर्षांपूर्वी दाखवली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. आता उतार चौदा हजारांपाशी आला. झांजेची किनार बोथट झाली, आणि ऐकणारा मान डोलावत म्हणतो, “वा! काय उबदार आवाज आहे व्हॉल्व्हचा.” ती ऊब काचेतून नव्हे, दोन मीटर वायरीतून आलेली असते.

आपल्या घरांतून ही सोयरीक पूर्वीच होऊन गेली आहे, फक्त कुणी तिला पेअरिंग वगैरे म्हटलं नाही. व्हॉल्व्हच्या रेडिओच्या पाठीमागे, पुठ्ठ्याच्या झाकणावर, एरियल आणि अर्थच्या शेजारी आणखी दोन भोकं असायची. पुष्कळ घरांत ती कधी वापरलीच गेली नाहीत. ती ग्रामोफोनच्या पिकअपसाठी. तेव्हाच्या पिकअपमध्ये स्फटिक असे, बहुधा रोशेल सॉल्टचा. तो वाकला की वीज देई, चांगली अर्ध्या व्होल्टच्या घरात, पण प्रवाह म्हणाल तर नावाला. समोर मेगओहमभर अडसराची जाळी असेल तरच त्याचा खर्ज टिके. रेडिओतल्या व्हॉल्व्हची जाळी नेमकी तशी. स्फटिक आणि व्हॉल्व्ह, दोघेही मितभाषी, छान जमायचं. फक्त रोशेल सॉल्ट हे मीठच. दमट हवेत पाझरणारं. कोकणातल्या पावसाळ्यापुढे त्याचं काय चालणार?

विलायतेत तर हे लग्न एकाच मांडवात लागायचं. हंटिंग्डन गावच्या पीटर वॉकर यांच्या कंपनीने १९५३ साली क्वाड टू नावाचा ॲम्प्लिफायर काढला: दोन केटी६६, दोन ईएफ८६, पंधरा वॉट. त्याच्या तोंडाशी दीड मेगओहम, आणि पूर्ण जोर लावायला १.४ व्होल्ट पुरे. त्याच्याबरोबरच्या कंट्रोल युनिटला स्वतःचा वीजपुरवठा नव्हता, ट्यूनरलाही नव्हता. निखारे पेटवायची वीज आणि प्लेटचा उच्च दाब हे दोन्ही ॲम्प्लिफायरकडून जाड वायरीने यायचं. गाणं या बाजूने त्या बाजूला आणि शिधा त्या बाजूने या बाजूला. एकाच चुलीवरची दोन पातेली. तिथे अडसर जुळतील का, वायर केवढी, कपॅसिटर कुठला, हे ग्राहकाला विचारावंच लागत नव्हतं. एकाच माणसाने दोन्ही टोकांचा विचार केला होता. मला वाटतं, जुन्या यंत्रांच्या आवाजाची जी तारीफ ऐकतो त्यातली निदान निम्मी या एका गोष्टीला द्यायला हवी.

ट्यूनरवरून आठवलं. अमेरिकेत मॅरँट्झ टेन बी नावाचा ट्यूनर झाला, साठीच्या दशकातला. त्याच्या तोंडावर एक छोटा ऑसिलोस्कोप होता, पोर्टहोलसारखा गोल. रेडिओ केंद्र नीट पकडलंय का ते हिरव्या रेषेवर पाहायचं. तो करता करता इतका पैसा गेला की १९६४ साली सॉल मॅरँट्झ यांनी कंपनीच विकली. आवाज ऐकण्याआधी तो डोळ्यांनी पाहण्याची हौस कुणाला कुठे नेईल सांगता येत नाही.

आता साखरेकडे. व्हॉल्व्ह आवाजात काही मिसळतो का? मिसळतो. इलेक्ट्रॉनांचा लोंढा दाबाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, दाबाच्या दीडाव्या घाताने वाढतो. म्हणून लाटेची वरची कमान आणि खालची कमान सारखी राहत नाही, एक जरा ताणली जाते, दुसरी चेपली जाते. अशी लाट एका कडेला झुकली की मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा सूर तिच्यात आपोआप उगवतो. दुप्पट म्हणजे काय? सा लावला असेल तर वरचा सा. बेसूर म्हणावं तर कसं म्हणावं?

तंबोऱ्यावर कान तयार झालेल्याला हे नवं नाही. खर्जाची एक तार छेडली की तिच्यातून वरचे सा निघतात, तिसऱ्या आवर्तनातून पंचम निघतो, पाचव्यातून गंधार. कुणीही न लावलेला, म्हणून स्वयंभू. जवारी नीट लागली की तो अंधारातही दिसतो म्हणा ना. घोडीची ती वक्र पाठ आणि तिच्यावरचा दोरा तारेतून एवढी आवर्तनं कशी काढतात, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली लेख लिहिला होता. सातवं आवर्तन मात्र कोमल निषादाच्या जवळ जाऊन त्याहून खालीच रेंगाळतं. ते जास्त झालं की कान आक्रसतो. ट्रायोडचं मिसळणं बव्हंशी दुसऱ्या आवर्तनाचं, म्हणून ते खपून जातं, कधी आवडूनही जातं.

मग दोन व्हॉल्व्ह एकामागोमाग लावले की वरचा सा दुप्पट व्हायला हवा. बासुंदीवर श्रीखंड. इथे निसर्गाने जी खोडी काढून ठेवली आहे ती कळल्यावर मी दहा मिनिटं नुसता कागदाकडे बघत बसलो होतो.

प्लेटवरून आवाज घेतला की तो उलटा होतो. जाळी वर गेली की प्लेटचा दाब खाली येतो. म्हणजे पहिल्या व्हॉल्व्हने जी कमान चेपली, ती दुसऱ्या व्हॉल्व्हपाशी उलटी होऊन येते, आणि दुसऱ्याचा चेपण्याचा हात आता समोरच्या कमानीवर पडतो. पोळी लाटणाऱ्याच्या हाताचा भार उजवीकडे जास्त पडत असेल तर उजवी कड पातळ होते. आई काय करते? हात सुधारायला सांगत बसत नाही. पोळी अर्धी फिरवून देते. तोच वाकडा हात आता दुसऱ्या कडेवर फिरतो आणि पोळी गोल होते. दोन वाकड्यांची बेरीज सरळ. दुसरा व्हॉल्व्ह वाढवल्याने वरचा सा वाढण्याऐवजी काही वेळा कमी होतो!

फार हुरळू नये. दोन्ही कडा सारख्या पातळ झाल्या तरी मध्य जाड राहतोच. तसं दुसरं आवर्तन खोडलं गेलं तरी तिसऱ्याचा थोडा माल नव्याने तयार होतो. शिवाय खोडणं पुरतं व्हायचं तर दोघांचं चेपणं सारखं हवं, आणि प्रीॲम्पमधला आवाज अर्ध्या व्होल्टचा असताना त्याचं चेपणं इतकं कमी असतं की ॲम्पमधल्या मोठ्या गड्यांपुढे ते कुठेच लागत नाही. म्हणून मित्राला दिलेलं उत्तर असं होतं: बासुंदीत मी जे घातलंय ते श्रीखंड नाही, वेलदोड्याचे दोन दाणे आहेत, आणि तेही पोहोचतील की नाही शंका आहे. ३००बीसारखा एकच मोठा ट्रायोड स्पीकर हलवायला लावणारे कारागीर मात्र ही पोळी मुद्दाम फिरवतात. १९३८ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकने आणलेला, आठेक वॉटचा हा व्हॉल्व्ह. त्याच्यामागचा छोटा व्हॉल्व्ह ते असा निवडतात की त्याच्या वाकडेपणाने मोठ्याचा वाकडेपणा कापावा.

जिथे ही सोयरीक मला मुळीच पटत नाही ती सीडीच्या बाबतीत. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा पहिला सीडी प्लेअर दुकानात आला आणि जगाचं माप बदललं. सीडी प्लेअर देतो दोन व्होल्ट, आणि तेही रुंद नळीतून. तो कुणालाही पोसू शकतो. जुन्या ॲम्पला एवढं कधी कुणी वाढलंच नव्हतं. आवाजाचं बटण नऊच्या काट्यावर नेलं की भिंती हलतात. अशा ठिकाणी ‘ऊब’ यावी म्हणून मध्ये आणखी एक व्हॉल्व्ह घालायचा म्हणजे आधी दुधात पाणी घालायचं आणि मग आटवत बसायचं. बटणाने आवाज मारायचा, व्हॉल्व्हने पुन्हा वाढवायचा, वाटेत व्हॉल्व्हची सळसळ फुकट मिळते. सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपमधून निघणारा बारीक प्रवाह व्होल्टात बदलून मोठा करायला आतच व्हॉल्व्ह लावणारे चांगले प्लेअर आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. पण काही स्वस्त डब्यांत व्हॉल्व्हला बाराएक व्होल्टवर अर्धपोटी ठेवतात, खरं काम बाजूची चिप करते आणि काचेखाली नारिंगी एलईडी लावतात. निखाऱ्याचं सोंग. रात्री दिवा मालवून बघितलं की कळतं: खरा निखारा वर चढताना वेळ घेतो, हा बटणासरशी पेटतो.

तबकडीकडे मात्र व्हॉल्व्हची कसोटी लागते. सुईच्या डबीतून येतात पाच मिलिव्होल्ट, म्हणजे सीडीच्या चारशेव्या हिश्श्याएवढे. त्यात तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील. वाजवताना तो परत वाढवायचा. हे प्रमाण १९५४ पासून ठरलेलं आहे, आणि ५० हर्ट्झपाशी ते मधल्या सुरांच्या सातपट भरतं. आता आपल्या भिंतीतली वीज किती हर्ट्झची? बरोबर पन्नास. जिथे एवढं वाढवायचं तिथेच घरातला प्रत्येक ट्रान्सफॉर्मर गुणगुणत बसलेला. म्हणून पहिल्या व्हॉल्व्हचा निखारा मी अल्टरनेटिंगवर ठेवत नाही, डीसीवर पेटवतो.

पहिल्या व्हॉल्व्हची पारख करायची माझी रीत अशी. गाणं बंद, आवाजाचं बटण नेहमीच्या जागी. शिसपेन्सिल उलटी धरायची आणि मागच्या लाकडाने काचेवर अगदी हलकी टिचकी. स्पीकरमधून ‘टिंग’ असा देवळातल्या लहान घंटेसारखा नाद येतो, कारण आतली जाळी खरोखरच थरथरते आणि थरथरणारी जाळी म्हणजे बदलणारा प्रवाह. हीच टिचकी तिसऱ्या व्हॉल्व्हवर मारली तर जवळजवळ शांतता. व्हॉल्व्ह तोच, जागा वेगळी. पहिल्या खणातली टिंग बराच वेळ लांबत राहिली तर तो व्हॉल्व्ह काढून मी मागच्या खणात बसवतो, तिथे तो आणखी दहा वर्षं सुखाने नांदतो. माझ्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा एक जुना व्हॉल्व्ह असाच मागे बसून आहे. त्याच्या डोक्यावरचा चंदेरी डाग अजून शाबूत. तो बेरियमचा मुलामा. आत चुकून शिरलेल्या हवेला तो गिळत राहतो. काचेला तडा गेला आणि हवा भरभरून आत आली की तो दुधी पांढरा होतो, मग तपासण्यासारखं काही उरत नाही.

दोन व्हॉल्व्हची यंत्रं जोडलेल्यांना एक शिस्त पाळावी लागते: चालू करताना आधी प्रीॲम्प, मग ॲम्प, आणि बंद करताना उलट. प्रीॲम्पच्या टोकाचा कपॅसिटर भरताना एक धक्का देतो. ॲम्प आधीच जागा असेल तर तो धक्का स्पीकरच्या छातीवर बसतो. मी ही शिस्त कसोशीने पाळतो. महावितरण पाळत नाही.

परवा रात्री भूप लावला होता. तानेला रंग चढत असताना वीज गेली. खोली काळी झाली, पण गाणं थांबलं नाही. निखारे अजून लाल होते, मोठ्या कपॅसिटरांत साठलेला दाब शिल्लक होता, आणि जड तबकडी आपल्या जोरावर फिरतच होती, फक्त जरा सावकाश. गाणाऱ्या बाईंचा सा खाली घसरायला लागला. काळी पाचवरून काळी चार, मग पांढरी पाच, मग एखाद्या पुरुषाचा वाटावा असा. तंबोरेही बरोबर घसरत होते, त्यामुळे सगळं सुरातच होतं. आवाज बारीक होत गेला. आधी काय संपलं, ॲम्पमधला दाब की प्रीॲम्पमधला, ते ओळखायचा मी प्रयत्न केला. शेवटी ऐकू येण्याजोगं काही उरलं नाही तेव्हाही काचेत सात-आठ ठिपके दिसत होते, अगदी मंद, विझत आलेल्या उदबत्तीसारखे, आणि ती तबकडी अंधारात खरखरत फिरतच होती. सुई उचलायला मी उठलो तेव्हा टेबलाला पाय लागला.